घटनेचं कारण

टोपण फिरत नव्हतं. पांढरं प्लास्टिकचं टोपण, कडेला बारीक उभ्या खाचा, आणि त्या खाचांवर मधुमतीची तीन बोटं नीट बसलेली — बसलेली दिसत होती, म्हणून बसलेली होती. डोळे मिटले असते तर अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट नेमकं कुठे आहे हे तिला सांगता आलं नसतं. करंगळी मात्र जागी होती. करंगळीला बाटलीचा गारवा कळत होता. तिने बाटली पोटाशी धरली, डाव्या हाताने टोपण उघडलं, सकाळच्या गोळ्या ज्याच्या त्याच्या वाटीत टाकल्या आणि मग मान वर करून पाहिलं. कॉरिडॉरमध्ये कुणी नव्हतं. पावणेआठ वाजले होते.

सात महिने झाले याला. आधी फक्त पहाटे, रात्रभर हात उशीखाली राहिला असेल असं वाटायचं… मग पोळ्या लाटताना, मग कंगवा धरताना, आणि आता दिवसभर. या दुखण्याचं नाव तिला माहीत होतं, दाबली गेलेली नस मनगटात कुठून जाते हे माहीत होतं, ऑपरेशन वीस मिनिटांचं असतं हेही. त्यानंतर सहा आठवडे त्या हाताने वजन उचलायचं नसतं. विचार दर वेळी तिथे येऊन थांबायचा — सहा आठवडे. लखनौच्या अलीगंजमधल्या या शुश्रूषा केंद्रात बत्तीस माणसं कायमची राहायला आली होती आणि त्यांतल्या एकवीस जणांना स्वतःहून कुशीवरही वळता येत नव्हतं. त्यांना उठवायचं, बसवायचं, वळवायचं, पुसायचं, परत निजवायचं. इथून बरं होऊन कुणी घरी जात नाही, त्यामुळे काम कधी संपलं असं होत नाही. आणि अशा कामात ज्या नर्सचा हात चालत नाही तिचं काय करायचं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं नव्हतं, पण अरुणा होती.

अरुणा इथलीच नर्स, आणि तिने खरं सांगितलं होतं. मागच्या वर्षी ती पाठीचे रिपोर्ट घेऊन सरळ ऑफिसात गेली, आणि केंद्राचे व्यवस्थापक विनय माथुर तिला म्हणाले, "आप आराम कीजिए, अरुणा जी. जगह आपकी ही है." ते मनापासूनच म्हणाले असावेत. ती महिनाभर झोपून राहिली, तेवढ्यात तिचा अकरा महिन्यांचा करार संपला. तिला कुणी काढलं नाही. नुसता नवा करार झाला नाही. आता ती स्कूटरवरून अलीगंजच्या घराघरांत जाऊन इंजेक्शनं देते आणि भेटली की हसून सांगते, बरंय, वेळ आपला असतो. ते हसू ताप पाहतात तसं तपासून पाहावं असं मधुमतीला वाटायचं.

तिचा स्वतःचा करार याच महिन्याअखेर संपत होता. नववा. या वेळी त्याला एक पान जास्तीचं जोडलेलं होतं — रुग्ण उचलण्यास सक्षम असल्याचं डॉक्टरचं पत्र आणा. ते पान गेले आठ दिवस घरी फ्रिजवर पडून होतं आणि त्याच्यावर कालपासून बटाट्यांची पिशवी होती.

…कायम होते मी. सांगलीच्या सरकारी दवाखान्यात, पंचविसाव्या वर्षी. सेवापुस्तक होतं माझं, निळ्या पुठ्ठ्याचं, आणि त्यात माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा. लक्ष्मीकांत हवाई दलात. लग्नानंतर तीन वर्षं आम्ही दोन गावांत काढली, मग स्वरदा झाली आणि मी राजीनामा लिहिला. अक्षर फार छान आलं होतं त्या अर्जावर. त्यानंतर जोरहाट, अंबाला, लखनौ — प्रत्येक गावात कुणीतरी विचारायचं, अनुभव किती, आणि आधीच्या गावचा अनुभव आधीच्या गावातच राहिलेला असायचा…

आता लक्ष्मीकांत निवृत्त होता, पेन्शन होतं, सरोजिनी नगरात घर झालं होतं. नोकरी गेली तर चूल बंद पडणार नव्हती. मग तुला भीती कसली वाटते, असं तो सरळ मनाने विचारेल, आणि त्याचं उत्तर देता येणार नाही, म्हणून तिने त्याला बोटांचं सांगितलं नव्हतं. स्वरदाने एकदा हातातून निसटलेला कप पाहिला होता. "मम्मी, दिखा क्यों नहीं देतीं किसी को?" ती म्हणाली होती, आणि मधुमती म्हणाली होती, "दाखवते गं." आईने मराठीत बोलायचं आणि मुलीने हिंदीत, हे त्यांचं ठरूनच गेलं होतं, दोघींनाही एकमेकींचं सगळं समजत असे.

दहाच्या सुमाराला वसुधाबाईंना खुर्चीत बसवायची वेळ झाली.

वसुधा गोगटे, वय एक्क्याऐंशी. केंद्रात सगळे त्यांना माताजी म्हणत. मधुमती 'बाई' म्हणे, कारण त्या बत्तीस वर्षं इथल्याच एका शाळेत गणित शिकवत होत्या. हिंदीतून शिकवत होत्या. ती हिंदी दोन वर्षांत त्यांच्या डोक्यातून पुसली गेली. नवऱ्याचं नाव गेलं, शाळेचं गेलं, आणि उरली ती लग्नाआधीची मराठी. केंद्रात ती मराठी कळणारी एकटी मधुमतीच होती. माथुर कौतुकाने म्हणायचे, "आप तो हमारी इंटरप्रिटर हैं." ते ऐकलं की तिला बरं वाटायचं — आणि बरं वाटतं याची थोडी लाजही.

उचलायला दोघी लागत. डावीकडे शिवांगी, चार महिन्यांपूर्वी लागलेली मदतनीस, तेवीस वर्षांची, हाडापेराने मजबूत, उजवीकडे मधुमती. शिवांगीचा हात कमरेमागून, मधुमतीचा काखेखालून. "एक, दो, तीन," शिवांगी म्हणाली. बाई उठल्या. त्यांचं वजन फार नव्हतं, पण म्हाताऱ्या माणसाचं वजन एका जागी राहत नाही, ते अंगातल्या अंगात सरकतं… अर्धं वळण झालं होतं, खुर्ची वीतभर दूर होती, आणि मधुमती आपल्या हाताकडे पाहत होती. आता ती नेहमीच पाहत असे. म्हणून तिला दिसलं. बोटं उघडली. झटका नाही, कळ नाही — कुणी दुसऱ्याचीच मूठ सैल व्हावी तशी ती सावकाश उघडली, बाईंचा खांदा त्यांतून निघून गेला, शिवांगीच्या एकटीच्या हाताला ते पेललं नाही, आणि बाई खुर्चीच्या पायाशी डाव्या मनगटावर पडल्या.

"सॉरी दीदी," शिवांगी तत्काळ म्हणाली. "मेरा हाथ फिसल गया. सॉरी."

त्यानंतर दोनेक सेकंद कुणीच काही बोललं नाही. नंतर दिवसभर मधुमती त्या दोन सेकंदांकडे परत परत गेली. त्यांत बोलायला जागा होती. पुरेशी होती. मग ती गुडघ्यांवर बसली, बाईंची मान पाहिली, खुबा पाहिला, डोळ्यांत टॉर्च मारला, आणि "हलवू नकोस, उशी आण" असं मराठीतच शिवांगीला म्हणाली, आणि शिवांगीने उशी आणली; मधुमतीचे रोजचे मराठी शब्द तिला सवयीने कळत, बाईंचं बोलणं नाही. काम सुरू झालं की बोलायची जागा राहत नाही. हे तिला सोयीचं वाटलं, आणि सोयीचं वाटलं हेही तिने नोंदवून ठेवलं, अगदी शांतपणे, तक्त्यावर नाडीचे ठोके लिहावेत तसं.

मनगटाचं हाड चिरलं होतं. एक्स-रेवाला मशीन घेऊन आला, डॉक्टर येऊन गेले, साडेबारापर्यंत प्लास्टर घातलं गेलं. बाई रडल्या नाहीत. प्लास्टरकडे पाहून त्यांनी एवढंच विचारलं, "हे कुणाचं?"

एक वाजता माथुर खोलीत आले. पन्नाशीचे, हळू बोलणारे, खिशाला दोन पेनं लावणारे. ते चिडले नव्हते. त्यांनी आधी बाईंना नमस्कार केला, मग मधुमतीला म्हणाले, "मशीन क्यों नहीं लगाई?" माणसं उचलायचं एक मशीन केंद्रात होतं, पण ते खाली स्वागतकक्षात असे, भेटायला येणाऱ्यांना दिसावं म्हणून, लिफ्टमध्ये ते मावत नव्हतं. माथुरना हे माहीत होतं, त्यामुळे उत्तराची वाट न पाहता ते पुढे म्हणाले, "माताजी से पूछिए, क्या हुआ था. बेटे को बताना पड़ेगा."

शिवांगी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. मधुमती वाकली.

"बाई, सकाळी काय झालं?"

बाईंनी पंख्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांचे डोळे बहुतेक वेळा माणसाच्या थोडं पलीकडे पाहत. आत्ता पलीकडे पाहत नव्हते. "हिने सोडलं," त्या म्हणाल्या. "धरलं होतं, आणि मग सोडलं."

"क्या कह रही हैं?"

"कह रही हैं, पकड़ा था… फिर हाथ छूट गया."

"किसका?"

"नाम नहीं ले रहीं."

हे खोटं नव्हतं. बाईंनी नाव घेतलं नव्हतं. त्यांनी 'हिने' म्हटलं होतं. 'हिने' म्हणजे 'इसने', एवढासा शब्द, आणि तो एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना मध्येच कुठे राहिला हे खोलीत फक्त तिलाच माहीत होतं… आणि बाईंना, जर आता माहीत असेल तर. शिवांगीने ओढणीने नाक पुसलं.

बाहेर आल्यावर माथुर म्हणाले, "शिवांगी का तो प्रोबेशन है, मामला सीधा है. घटना का फॉर्म आप भर दीजिए, सीनियर आप हैं. कल सुबह तक." दोन पावलं गेले आणि वळले. "और हाँ, आपका फिटनेस वाला काग़ज़? रिन्यूअल उसी पर न अटक जाए. आप जैसी सिस्टर मिलती कहाँ है."

तिने मान हलवली. सीधा, ती मनात म्हणाली. सीधा मामला. शब्द चांगला होता, त्याला कुठे कोपरा नव्हता.

दुपारचं काम नेहमीसारखंच झालं. चार जणांना नळीने खाऊ घालायचं होतं, दोघांची पाठ पाहायची होती. पंधरा नंबरमधल्या निवृत्त कर्नलने तिला दर दुपारप्रमाणे विचारलं की तिची बदली कुठे झाली, आणि तिने दर दुपारप्रमाणे सांगितलं, अजून आदेश आले नाहीत. वळवायची वेळ झाली तेव्हा तिने शिवांगीला न बोलावता दुसऱ्या मजल्यावरच्या मदतनिसाला बोलावलं आणि स्वतः पायांच्या बाजूला उभी राहिली. पाय हलके असतात. हे आपण गेले दोन महिने करतोय, तिच्या लक्षात आलं — पायांची बाजू निवडतोय, टोपणं डावीकडून उघडतोय, वजनदार माणसांच्या वेळी फोन आल्याचं दाखवतोय — आणि एवढं सगळं करताना आपण स्वतःला एकदाही सांगितलं नाही की आपण हे करतोय.

चारला विश्वजित आला. वसुधाबाईंचा मुलगा, बँकेत मॅनेजर, इंदिरा नगरात राहणारा. लखनौतच जन्मलेला, मराठी कळायची, पण बोलायला लागला की दुसऱ्या शब्दाला हिंदी यायची. मधुमतीने त्याला दारात पाहिलं. जे दुपारच्या त्या एका वाक्यापाशी थांबलं आहे असं वाटत होतं, ते थांबलेलं नव्हतं. याला मराठी कळते.

"आई," तो म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला. "दर्द है क्या? बहुत दुखतंय?"

बाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. मधुमती सलाइनच्या स्टँडपाशी उभी होती, काहीही काम नसताना. जाता आलं असतं.

"सोडलं," बाई म्हणाल्या. "हात धरून सोडलंस."

मग त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला नाही. "रोज़ यही कहती हैं?"

"नाही," मधुमती म्हणाली. "रोज नाही."

"मुझसे तो हर बार कहती हैं." तो प्लास्टरकडे पाहत होता. "आधा घंटा लगता है घर से यहाँ. आधा घंटा. और देखिए, पंद्रह दिन निकल जाते हैं." मग म्हणाला, "ये गिरने वाली बात… मैं कोई शिकायत नहीं लिखूँगा, सिस्टर. आप लोग जो करते हैं, मैं नहीं कर पाया. मैंने तो सच में छोड़ ही दिया न."

आता बोलायला हवं, असं तिला वाटलं — वाटलं म्हणजे तिला ते वाक्य स्वच्छ दिसलं, पूर्ण, छापल्यासारखं. सकाळपासून आपलं ओझं आपण कुठेच ठेवलं नाही असं ती समजत होती. ते शिवांगीने उचललं होतं, न मागता, आणि आता हा माणूस चष्मा हातात घेऊन उरलेलं उचलत होता.

"त्या तुम्हाला म्हणत नाहीयेत," ती म्हणाली.

"मग कुणाला?" त्याने मराठीतच विचारलं.

"सकाळचं बोलतायत. उचलताना हात सुटला, त्याचं."

तो तिच्याकडे पाहून किंचित हसला, आणि त्या हसण्यात इतके आभार होते की तिने मान वळवली. त्याला ती समजूत वाटली होती. "थँक यू," तो म्हणाला. "पर ठीक है." मग आईच्या चांगल्या हातावर आपला हात ठेवून तो पाऊण तास बसला. बाई झोपल्या. जाताना त्याने विचारलं, शिवांगी नावाची ती मुलगी कोण, खाली बसून रडत होती. तिला म्हणावं, काही नाही.

पाचला मधुमती नर्सिंग टेबलापाशी फॉर्म घेऊन बसली. तारीख, वेळ, खोली क्रमांक, रुग्णाचं नाव. पेन आता ती पहिल्या दोन बोटांऐवजी मधल्या दोन बोटांत धरत असे. अक्षर तिरपं येई, आणि कुणी विचारलं नव्हतं. पुढचा रकाना: घटनेचं कारण. दोन ओळींची जागा. शिवांगी येऊन समोर उभी राहिली.

"दीदी, आपने अभी तक नहीं लिखा."

"लिहिते."

"मुझे पता है आप क्यों रुकी हैं." तिने डोळे धुतले होते, केस कपाळाला चिकटले होते. "आप मत सोचिए. मेरा ही हाथ था, आप वही लिखिए. मेरे लिए झूठ मत बोलिएगा. आपकी भी तो रिन्यूअल है."

मधुमतीने तिच्या हातांकडे पाहिलं. रुंद तळवे, नखं बारीक कापलेली, उजव्या मनगटावर काळा दोरा. या हातांना सगळं कळत असेल. चादरीची वळी, ताप, कुणाच्या त्वचेखालचं पाणी.

"तुला खरंच जाणवलं?" तिने विचारलं. "निसटताना?"

शिवांगी गोंधळली. "जाणवलं मतलब… महसूस? नहीं. पर वो मेरी तरफ़ ही आईं न. मेरी ही पकड़ ढीली रही होगी."

"घरी जा," मधुमती म्हणाली. "उद्या बोलू."

"कल मैं आऊँ?"

"ये. ये की."

फॉर्म तिने घडी न घालता पर्समध्ये ठेवला. आयटी चौराह्याला मेट्रो पकडली. गर्दी होती, बसायला जागा मिळाली नाही. गाडी गोमतीवर आली तेव्हा खालचं पाणी अजून उजेडात होतं आणि दारापाशी उभ्या असलेल्या दोन मुली परीक्षेच्या तारखांवरून वाद घालत होत्या. ती मनात ओळी जुळवत होती. सांगलीच्या सिस्टर ट्यूटरनी शिकवलं होतं, नोंदीत 'मी' लिहायचं नाही. रुग्णास औषध देण्यात आले. रुग्णाची पाठ पुसण्यात आली. पंचवीस वर्षं तिने असंच लिहिलं, पानंच्या पानं, आणि त्या सगळ्या पानांवर कुणीच काही केलं नव्हतं, सगळं नुसतं होत गेलं होतं. तसं आताही लिहिता येईल. पलंगावरून खुर्चीत स्थानांतर करताना रुग्णाचा तोल गेला. खोटं नाही. शिवांगीचं नाव नाही, कुणाचंच नाही. माथुर मात्र नाव विचारतील, आणि नाव विचारलं की मामला सीधा होईल.

किंवा दुसरं.

सचिवालयाच्या आधी गाडी जमिनीखाली गेली, काच काळी झाली, आणि काचेत एक बाई दांड्याला धरून उभी होती — पन्नाशीला आलेली, युनिफॉर्मवर स्वेटर, जराशी वाकलेली. ती काय करील याची मधुमतीला उत्सुकता वाटली. खरंच वाटली, एखाद्या रुग्णाबद्दल वाटते तशी, दुरून…

मी सोडलं. मला कळलं नाही, पण सोडलं मीच.

मी ते वाक्य मनात एकदा म्हटलं आणि वाट पाहिली. रडू येईल असं वाटलं होतं, किंवा मोकळं वाटेल. दोन्ही आलं नाही. हुसैनगंज गेलं, चारबाग गेलं, मुली उतरल्या, मला जागा मिळाली आणि मी बसले. फॉर्म मांडीवरच्या पर्समध्ये होता आणि त्याचं मला आता फारसं काही वाटत नव्हतं. दिवसभर मी त्याला भीत होते, माथुरना भीत होते, फ्रिजवरच्या त्या पानाला भीत होते, आणि ते सगळं कुठेतरी मागे, पुलावर, राहिल्यासारखं झालं होतं. भीती वाटत होती ती आता वेगळीच. उद्या दहा वाजता कुणीतरी एक, दो, तीन म्हणेल. तेव्हा माझ्या हाताखाली एक खांदा असेल, कुणाचा ते मला माहीत नाही, आणि तो खांदा माझ्यावर विसंबून पलंगावरून उठेल.